लॉरा आरएससाठी परवडणारा क्लच आणि फ्लायव्हील, रोजची गाडी आहे, काय टाकू?

टर्बो_टिळकवाडी

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल पण पूर्ण वाचून मगच बोला.

गाडी स्कोडा लॉरा आरएस, १.८ टीएसआय, ६ स्पीड मॅन्युअल, २०१२ चं मॉडेल, केए २२ पासिंग, मी दुसरा मालक. रनिंग १,१२,००० झालंय आणि क्लच अजून पहिलाच आहे. कंपनीचा आकडा १६० पीएस आणि २५० न्यूटन मीटर, पण आधीच्या मालकानं स्टेज १ ट्यून (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) मारून घेतलंय आणि ट्यूनरच्या कागदावर ३२० न्यूटन मीटर लिहिलंय, खरं किती ते देव जाणे. चार दरवाजे आणि एवढी मोठी डिक्की असलेली गाडी स्पोर्ट्स कार कशी काय असं विचारणारे येणारच, त्यांना आधीच कोपरापासून नमस्कार, आमच्या गल्लीत हीच स्पोर्ट्स कार.

प्रॉब्लेम असा. मागच्या रविवारी कोल्हापूरहून येताना तवंदी घाटात पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, नेहमीचंच. मोकळं दिसलं म्हणून चौथ्यात पाय दाबला तर आरपीएमचा काटा २५०० वरून सरळ ३३०० ला गेला आणि गाडी मात्र होती तिथंच. पाय सोडला, परत दाबला, परत तेच. जळका वास पण आला. शिवाय दोन-तीन महिने झाले, गाडी बंद करताना खालून आवाज करूलालीय, स्टीलच्या डब्यात सुपाऱ्या घालून हलवल्यासारखा, एकदा खडखड होतो आणि गप्प. सकाळी स्टार्ट करतानापण कधी कधी होतो.

वापर सांगतो. रोज टिळकवाडी ते मच्छे, म्हणजे रेल्वे गेट उघडायची वाट बघत बसायचं आलंच, महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून गोवा, आणि बहीण कोल्हापुरात दिलीय म्हणून तिकडं एक फेरी. रेसिंग वगैरे काही नाही. पण गाडी जरा तिखट पाहिजे, नाहीतर आरएस घेऊन काय उपयोग.

माझ्यापुढं चार रस्ते आहेत. (नवख्यांसाठी, फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या टोकाला फिरणारं जड चाक, क्लच त्याच्यावरच बसतो.) एक, कंपनीत असतो तसाच ड्युअल मास (दोन तबकड्यांचा) फ्लायव्हील आणि क्लच किट, एका मोठ्या गॅरेजनं मजुरीसकट ९५ हजार सांगितले, ऐकूनच घाम फुटला. दोन, सिंगल मास कन्व्हर्जन किट, म्हणजे त्याच्या जागी एकाच तुकड्याचा साधा फ्लायव्हील. तीन, पुण्यात एकजण बाहेरून आणलेला हलका फ्लायव्हील आणि सहा पॅडचा सिरॅमिक क्लच ३५ हजारात विकूलालाय, थोडाच वापरलाय म्हणतो. चार, आमच्या काकांचं म्हणणं की एवढे पैसे कशाला घालतोस, उद्यमबागेत लेथवर फ्लायव्हील तासून हलका करून घे आणि नुसती प्लेट बदल.

बजेट ६०, फारच झालं तर ७५. काय करू?

केए२३_चिक्कोडी

आधी ते ट्यून काढ. क्लच आपोआप नीट होतो बघ.

टर्बो_टिळकवाडी

@केए२३_चिक्कोडी ट्यून काढला तर मी रोज रडत ऑफिसला जाईन. दुसरं काहीतरी सांग की.

निपाणी_गॅरेजवाले_काका

ट्यून काढून घासलेली प्लेट परत जाड होत नाही हो चिक्कोडीवाले. फार तर चार महिने ढकलंल.

टिळकवाडी, दोन गोष्टी बघून सांग. एक, गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेव, क्लच पूर्ण दाब, सोड, परत दाब. खडखड कधी येतीय, दाबल्यावर का सोडल्यावर? दोन, खाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात तेल दिसतंय का बघ. मग बोलूया.

टर्बो_टिळकवाडी

काका, आत्ताच बघून आलो. सोडलेला असताना बारीक टकटक येते, दाबला की जवळजवळ गप्प होते. बंद करताना मात्र ती सुपारीवाली खडखड येतेच. तेल खाली ठिपकत नाही, पण सांध्यात ओलसर आहे, बोट लावलं तर काळं लागलं.

निपाणी_गॅरेजवाले_काका

बरं. आता जरा बसून लिवतो, आज दुकानात लाईट न्हाई.

दाबल्यावर आवाज वाढला असता तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) म्हटलं असतं. सोडल्यावर येतोय आणि दाबल्यावर जातोय म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडनं आत जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग तरी असंल नाहीतर ड्युअल मास तरी. पण बंद करताना दणका देतोय, १,१२,००० झालंय आणि वर ट्यून हाय, तवा माझा अंदाज ड्युअल मासच. गिअरबॉक्स खाली घेतल्यावर हातानं फिरवून बघायचा, बाहेरची तबकडी जराशी मागंपुढं फिरती आणि थोडी डुलती पण. किती फिरली तर चालतंय हे प्रत्येक पार्ट नंबरला वेगळं असतंय, कंपनीच्या तक्त्यात बघावं लागतंय. नुसतं हलवून "गेलाय" म्हणणारा मिस्त्री आणि नुसतं हलवून "चांगलाय" म्हणणारा मिस्त्री, दोघांपासून लांब ऱ्हा.

आता हे ड्युअल मास म्हणजे काय ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळंल. साधा फ्लायव्हील म्हणजे लोखंडाचा एक गोळा. ड्युअल मास म्हणजे दोन तबकड्या, एक क्रँकला (इंजिनच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याला) बोल्टनं घट्ट, दुसरीवर क्लच बसतो, आणि दोघींच्या मधी वाकवलेल्या लांब स्प्रिंगा ग्रीसमधी बसवलेल्या. इंजिन काय एकसारखं फिरत न्हाई, प्रत्येक स्फोटाला धक्का देतंय. त्यो धक्का ह्या स्प्रिंगा खातात आणि गिअरबॉक्सला शांत फिरणं मिळतंय. म्हणून कमी आरपीएमला बी तुझी गाडी गुळगुळीत ओढती. स्प्रिंगा ढिल्या झाल्या, ग्रीस गेलं, की बंद करताना दोन्ही तबकड्या एकमेकीला आपटतात. तीच तुझी सुपारी.

आता महत्त्वाचं. धक्का खायचं काम फ्लायव्हीलनं करायचं असतंय म्हणून ह्या गाड्यांच्या क्लच प्लेटला मधी स्प्रिंगा नसतात, सरळ कडक प्लेट. तवा सिंगल मास टाकायचा असंल तर प्लेट बी स्प्रिंगवालीच पाहिजे. एका गाडीत मी सिंगल मास आणि जुनीच कडक प्लेट असली खिचडी बघितलीय. पंधराशे आरपीएमला गिअरबॉक्समधनं दगड दळल्यासारखा आवाज यायचा. गिऱ्हाईक म्हणतंय पैसे वाचले. कशाचे वाचले, शेवटी गिअरबॉक्स उघडायला लागला.

आणि तू सांध्यात ओलं हाय म्हणतोस ते सोडू नको. क्रँकचं मागचं ऑइल सील असणार. नवीन प्लेटवर तेलाचा एक ओघळ आला की सगळा खर्च पाण्यात, प्लेट जर्क मारायला लागती आणि परत सगळं खाली घ्यायचं.

तुझ्या काकास्नी माझा नमस्कार सांग, पण फ्लायव्हील तासायचं डोक्यातनं काढ म्हणावं.

उद्यमबाग_लेथ

काकांनी शेवटी जे लिहिलं त्यावर मी बोलतो, कारण हे काम घेऊन माझ्याकडं महिन्याला एकतरी माणूस येतो. बेळगावात फाउंड्री आणि लेथ गल्लोगल्ली आहेत म्हणून लोकांना वाटतं काहीपण तासून मिळतं. तासून मिळतं हो, प्रश्न तो नाहीच.

पहिली गोष्ट, ड्युअल मास तासायचा नसतोच. आत ग्रीस आणि स्प्रिंगा आहेत, घासताना झालेल्या उष्णतेनं आणि किसानं त्याची वाट लागते आणि तबकडी पातळ झाली की क्लचची उंची बिघडते.

दुसरी गोष्ट, साधा बिडाचा फ्लायव्हील. त्याचा तोंडवळा साफ करायला दोन-तीन दशांश मिलिमीटर फेसिंग मारणं वेगळं, ते आम्ही रोज करतो. पण वजन कमी करायला मागून पोकळ करणं म्हणजे स्वतःच्या पायाखाली बॉम्ब ठेवणं. हिशोब करून दाखवतो. फ्लायव्हीलची त्रिज्या १४ सेंटिमीटर धरा आणि इंजिन ६५०० आरपीएमला. कडेचा वेग येतो सेकंदाला ९५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ३४० किलोमीटर. बीड दाबाला सहन करतं पण ओढायला गेलं की तुटतं, आणि फिरताना सगळी ओढच असते, ती पण वेगाच्या वर्गानं वाढते. त्यात क्लच घसरून तापला आणि बारीक केसासारख्या भेगा पडल्या की झालं. फुटला तर बेल हाऊसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं कवच, फोडून बाहेर येतो, आणि तुमचे पाय कुठं असतात ते बघा एकदा.

जे चांगले हलके फ्लायव्हील असतात ते बिडाचे नसतात, फोर्ज केलेल्या पोलादाचे असतात नाहीतर ॲल्युमिनियमचे, घासायच्या जागी पोलादाची चकती बसवलेली. आणि बॅलन्सिंग करूनच येतात. माझ्याकडं लेथ आहे पण मी हे काम घेत नाही, भांडून जातात लोक.

सिक्स्थ_गिअर_शहापूर

सगळे हलक्या फ्लायव्हीलच्या मागं हात धुऊन लागलेत म्हणून बिचाऱ्याची बाजू मी घेतो, मेकॅनिकलला आहे, एवढा हक्क आहे मला.

हलका फ्लायव्हील पॉवर वाढवत नाही, हे आधी मान्य. तो फिरवायला इंजिनची जी ताकद लागते ती वाचवतो. आणि गंमत अशी की ही बचत गिअर रेशोच्या वर्गात मोजायची. समजा ४ किलो कमी केले आणि ते वजन केंद्रापासून सरासरी १० सेंटिमीटरवर होतं. फर्स्टमध्ये गिअर आणि डिफरेन्शियल मिळून १३ पट धरा, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. हिशोब केला तर फर्स्टमध्ये गाडीचं वजन ७५ किलो कमी झाल्यासारखं वाटतं. आणि टॉपला ३ पट धरलं तर? ४ किलो. म्हणजे फर्स्टला शेजारी बसलेला मित्र उतरल्यासारखं आणि हायवेला कुंद्याचा डबा उतरवल्यासारखं. शिवाय पाय सोडला की आरपीएम पटकन खाली पडतो, डाउनशिफ्टला थ्रॉटलचा टिचका मारला की पटकन चढतो, ट्रॅकवर हे फार मस्त.

पण चोर्ल्यात चढणीवर थांबून निघायचं असेल तर तीच गोष्ट उलटी. जड फ्लायव्हील म्हणजे साठवलेली ऊर्जा, क्लच सोडताना ती गाडीला पहिला ढकला देते. ती कमी झाली की जास्त ॲक्सिलरेटर द्यायचा नाहीतर बंद पडायचं. टर्बो गाडीत तर खाली टॉर्क यायच्या आधीचा तो क्षण जास्तच जाणवतो. म्हणजे बाजू घेतली खरी, पण मी स्वतः माझ्या गाडीत टाकणार नाही.

खानापूरकरीण

टिळकवाडी, पुण्यातला सहा पॅडवाला घेण्याआधी माझी गोष्ट ऐका.

माझ्याकडे सिव्हिक आहे, १.८ मॅन्युअल, सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकाने हलका फ्लायव्हील आणि सहा पॅडचा क्लच टाकलेला, त्याने सांगितलंच नव्हतं, टेस्ट ड्राइव्ह हायवेला दिली त्यामुळे मलाही कळलं नाही. घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी खानापूर स्टँडसमोर चढावर तीन वेळा बंद पडली. पाय एवढासा उचलला तरी एकदम पकड, मधलं काही नाहीच. घेतला तर घेतला नाहीतर नाही. आई शेजारी बसलेली, ती म्हणाली तुला गाडी चालवायला येत नाही का गं.

खरी मजा पावसाळ्यात. कणकुंबीच्या पुढे धुकं, समोर दोन ट्रक वळणावर अडकलेले आणि मागे चाळीस गाड्या, इंच इंच सरकायचं. साध्या क्लचला हाफ क्लचवर सरकता येतं, चांगली सवय नाही पण येतं. सिरॅमिकला हाफ क्लच चालतच नाही, पूर्ण गाडी थरथर कापते, डॅशबोर्डवरचा गणपती डोलायला लागला. एक तास असं केल्यावर डाव्या पायाची पिंढरी दगड झाली. एसी लागला की आयडलचा आरपीएम खाली पडायचा ते वेगळंच.

आठ महिने सहन केलं, मग साधा ऑर्गॅनिक क्लच आणि कंपनीसारखा फ्लायव्हील बसवला. आता आईपण शांत.

आणि वापरलेला क्लच कशाला विकत घेता? दुसऱ्याच्या चपलेसारखं आहे ते, त्याच्या पायाच्या आकाराची झालेली असते.

बैलहोंगल_टीडीआय

ड्युअल मासला एवढं डोक्यावर नका घेऊ. माझी पोलो जीटी टीडीआय, सिंगल मास कन्व्हर्जन किट टाकून ४०,००० झाले. किटसोबत स्प्रिंगवाली प्लेट येते, काका म्हणतात ती खिचडी होत नाही. आयडलला न्यूट्रलमध्ये जरा चिवचिव करते, क्लच दाबला की बंद. बाराशे आरपीएमला चौथ्यात ओढायला गेलं तर गुरगुरते, मग मी गिअर खाली घेतो, तसंही घ्यायलाच पाहिजे. पुढच्या वेळी फक्त प्लेट बदलायची, फ्लायव्हील तोच. हिशोब करा, ड्युअल मास दर दुसऱ्या क्लचला मागणार तुमच्याकडं पैसे.

निपाणी_गॅरेजवाले_काका

बैलहोंगलवाल्यांचं चुकीचं न्हाई. व्हॅलिओसारख्या मोठ्या कंपन्या बी असली चार वस्तूंची कन्व्हर्जन किटं काढतात, त्यात प्लेटच्या स्प्रिंगा मुद्दाम जास्त फिरतील अशा केलेल्या असतात. टॅक्सीवाल्यास्नी मी सोता बसवून दिल्यात.

पण एक सांगतो, प्लेटमधी स्प्रिंगा मावून मावून किती मावणार? फ्लायव्हीलमधी जेवढी जागा तेवढी तिथं न्हाई. त्यामुळं थोडा आवाज आणि थोडा थरथराट राहणारच. तुमच्या गाडीला तो चालतोय, ठीक. टिळकवाडीच्या गाडीला ट्यून हाय, कमी आरपीएमला टर्बोचा दणका हाय, तिथं त्यो दणका सरळ गिअरबॉक्सच्या दातांवर जाणार. माझं मत, ट्यून ठेवणार असशील तर ड्युअल मासच.

आता पैशाचं. मोठ्या गॅरेजनं ९५ सांगितलं म्हणून घाबरू नको. स्टेपनीच्या खड्ड्यात एक स्टिकर असतंय, सर्व्हिस बुकात बी असतंय, त्यावर इंजिनचा कोड आणि गिअरबॉक्सचा कोड, आणि खाली बारीक बारीक तीन अक्षरांची रांग. त्याचा फोटो काढ. त्यावरनं पार्ट नंबर काढायचा आणि लुक नाहीतर सॅक्स ह्या क्लच बनवणाऱ्या कंपन्या, दोघांपैकी जे मिळंल ते, कंपनीच्या खोक्यात न घेता त्यांच्याच खोक्यात घ्यायचं. गाडीत मुळात बसून येणारा माल बी ह्यांचाच असतोय बहुतेक वेळा. "लॉराला बसतंय" एवढ्यावर घेऊ नको, एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल वेगळं, डिझेल वेगळं, पाच गिअरचं वेगळं. "२.० डिझेलचा मोठा क्लच टाक, जास्त टॉर्क घेतोय" असं सांगणारे बी भेटतील, प्लेटच्या मधल्या दातांची संख्या जुळली न्हाई तर त्यो क्लच भिंतीवर लावायला.

टर्बो_टिळकवाडी

काका, पण साधा कंपनीसारखा क्लच ३२० घेणार का? मूळ २५० ची गाडी आहे. परत सहा महिन्यात स्लिप मारायला लागला तर बायको मलाच उसाच्या ट्रॉलीत घालून पाठवेल.

सिक्स्थ_गिअर_शहापूर

काकांच्या आधी मी बोलतो. क्लच किती टॉर्क घेणार हे चार गोष्टींवर ठरतं, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) किती दाबते, घर्षण किती, प्लेटची सरासरी त्रिज्या किती आणि घासणाऱ्या बाजू किती, आपल्याकडं दोन. त्रिज्या बदलता येत नाही. घर्षण वाढवायचं तर सिरॅमिक, त्याची कहाणी खानापूरकरीण ताईंनी सांगितलीच. दाब २० टक्के वाढवला की टॉर्क २० टक्के जास्त घेतो, पण पेडलपण तेवढं जड होतं. केवलारची प्लेट पण मिळते, गुळगुळीत असते, पण सुरुवातीला ७००-८०० किलोमीटर फार सांभाळून चालवावी लागते आणि एकदा तापून चकाकी आली की गेली.

कंपनी क्लच देताना इंजिनच्या टॉर्कपेक्षा बरीच जास्त क्षमता ठेवते, नाहीतर नवीन गाडीच घसरली असती. तुझा १,१२,००० ला घासून पातळ झाल्यावर घसरला, त्याआधी ट्यूनवरच चालला ना? मग नवीन पण चालेल. फक्त ट्यूनरकडं एकदा जा आणि सांग की २५०० च्या खाली टॉर्क जरा हळू चढव. क्लच आणि ड्युअल मास दोघांनाही मारणारा तोच भाग असतो, वरचा नाही. वर पीएस पाहिजे तेवढे ठेव.

निपाणी_गॅरेजवाले_काका

पोरगं बरोबर बोलतंय, कॉलेजात काहीतरी शिकवतात म्हणायचं.

बसवताना समोर उभा ऱ्हा, बाहेर चहाला जाऊ नको. फ्लायव्हीलचे बोल्ट नवीनच, ते आधी टॉर्कनं आणि मग अंशात फिरवून ताणायचे असतात, एकदा ताणलेला बोल्ट परत वापरायचा न्हाई. मिस्त्री म्हणंल चालतंय की, चालत न्हाई. ऑइल सील बदल. रिलीज बेअरिंग बदल, नवीन किटात नसंल तर वेगळं घे, चार पैशासाठी जुनं ठेवलं तर दोन महिन्यानं त्याच्यासाठी परत गिअरबॉक्स खाली. क्लचचं हायड्रॉलिक आणि ब्रेकचं तेल एकाच डबीतनं जातंय, तवा ब्लीडिंग (पाइपातली हवा काढणं) बी करून घे. शाफ्टच्या दातांना ग्रीस बोटभर न्हाई, नुसतं पुसल्यासारखं, नाहीतर फिरताना उडून प्लेटवर जातंय.

आणि प्लेटची बाजू. प्लेटवर जर्मनमधी "गेट्रिबेझाइटे" असं कोरलेलं असतंय, म्हणजे गिअरबॉक्सची बाजू. मागच्या वर्षी एकजण ओढत गाडी घेऊन आला, दुसरीकडं क्लच बसवून चार दिवस झालेले, गिअरच पडंना. खाली घेतला तर प्लेट उलटी. मधला उंचवटा फ्लायव्हीलच्या बोल्टच्या डोक्यांवर घासून चकचकीत झालेला, नव्या कोऱ्या प्लेटची राखुंडी. बसवणाऱ्याला जर्मन वाचता येत न्हाई हे समजू शकतो, पण उंचवटा डोळ्यांनी दिसतोय की.

केए२३_चिक्कोडी

एवढं सगळं होईपर्यंत ट्यून काढून झालं असतं.

टर्बो_टिळकवाडी

@केए२३_चिक्कोडी तुम्ही ग्रेट आहात साहेब.

टर्बो_टिळकवाडी

साडेतीन आठवड्यांनी अपडेट. सगळ्यांनी विचारलं नाही तरी सांगतो.

स्टिकरचा फोटो काढून पार्ट नंबर काढला, लुकचा ड्युअल मास, क्लच किट आणि रिलीज बेअरिंग असं मागवलं, ऑइल सील आणि बोल्ट वेगळे. मजुरी धरून ७४ ला बसलं, म्हणजे बजेटच्या कानाला हात लावून आलं. काम आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं केलं आणि काकांनी सांगितलं तसं दोन दिवस समोर स्टूल टाकून बसलो, त्याला राग आला पण बसलोच. "गेट्रिबेझाइटे" मी स्वतः वाचून दाखवलं, मिस्त्री म्हणाला मला माहीत आहे रे, तीस वर्षं लावूलालोय.

जुनी प्लेट हातात घेतली तर रिव्हेट जवळजवळ वर आलेले. फ्लायव्हीलवर निळे निळे डाग, मोराच्या पिसासारखे, तवंदी घाटातल्या दिवसाची आठवण. आणि जुना ड्युअल मास नुसता हातात धरून हलवला तरी खळखळ वाजूलालाय. सील खरंच गळत होतं, काका तुम्ही नसता सांगितलं तर मिस्त्री पुसून सोडणार होता.

पेडल एवढं मऊ झालंय की पहिल्या दिवशी रेल्वे गेटला दोनदा बंद पाडली, मागून रिक्षावाला काय बोलला ते इथं लिहीत नाही. पकड आता खूप खाली येते, आधी पार वर यायची, मला वाटायचं स्कोडाची हीच सवय. पहिले ८०० किलोमीटर पाय जपून चालवली, गोव्याला गेलो नाही. नंतर ट्यूनरकडं जाऊन खालचा टॉर्क हळू करून घेतला, खरं सांगायचं तर फरक फारसा जाणवत नाही, उलट सेकंडमध्ये टायर कमी फिरतोय. कालच तवंदी चढलो, चौथ्यात, पूर्ण पाय. काटा आणि गाडी दोघं बरोबर गेले.

पुण्यातला सिरॅमिकवाला अजून मेसेज करूलालाय, आता २८ ला देतो म्हणतो.

खानापूरकरीण

२८ काय, फुकट दिला तरी घेऊ नका. अभिनंदन!

टर्बो_टिळकवाडी

नाही घेत ताई. जुना फ्लायव्हील मात्र घरी आणलाय, तुळशीकट्ट्याला टेकवून ठेवलाय, बाबा रोज विचारतात की भंगारात किती येतील आणि हे इथून कधी हलणार.

उद्यमबाग_लेथ

भंगारात देऊ नका, मला द्या. मधून कापून दुकानात टांगतो. पुढचा माणूस तासायला घेऊन आला की आतल्या स्प्रिंगा दाखवीन, तोंडाची वाफ तरी वाचेल. येताना कुंदा मी आणतो.

टर्बो_टिळकवाडी

रविवारी सकाळी या. कुंदा पाव किलो चालणार नाही, घरात माणसं सहा आहेत.